डोक्याला मार, पायाला पट्टी

सर, तुम्हाला अटॅक आला असं गावात ठरलं आहे. शाळेच्या शोकसभेत मुख्याध्यापकांनी तसंच सांगितलं. चौकातल्या फलकावर तसंच लिहिलं गेलं. तुमच्या तेरवीला पंगतीत बसलेला प्रत्येक माणूस भात कालवता कालवता तेच बोलत होता, "तब्येत तं चांगली होती सरची. अचानकच गेले बापा." मी पाण्याचा जग घेऊन त्या पंगतीतून फिरत होते आणि दर पानापाशी मान हलवत होते. हो, अचानकच. हो, नशीब एकेकाचं.

अचानक गेला नाहीत तुम्ही. तलावाच्या पाळीवर तुमची मोटारसायकल घसरली, डोकं गिट्टीवर आपटलं, आणि तुम्ही ते कोणाला सांगितलं नाही. डोक्यात रक्त साकळत राहिलं आणि तुम्ही माकडटोपी घालून आमच्या पोरींना कबड्डी शिकवत राहिलात. ज्या माणसाने सगळी नोकरी "डोक्याले लागलं तं लपवू नोका वं पोट्ट्याहो" म्हणण्यात घालवली, त्या माणसाने! तुमच्यासाठी रडावं की तुमच्याशी भांडावं, हे मला अजून कळलेलं नाही. म्हणून सध्या दोन्ही करते, आणि दोन्ही करताना स्वयंपाक करपतो.

मला तुमच्याशी बोलायचंय ते या अटॅकबद्दल. पण त्याआधी माझ्या डाव्या पायाबद्दल बोलावं लागेल, कारण सगळं तिथूनच सुरू झालं.

मी नववीत होते तेव्हाची गोष्ट. डाव्या कोपऱ्यात मी आणि मनीषा हात धरून उभ्या असायचो. समोरच्या शाळेची एक थोराड पोरगी चढाईला आली, मी तिच्या पायाला झेप घेतली आणि तिचा गुडघा माझ्या कानशिलावर बसला. मी उठले, माती झटकली आणि सरळ मधली रेघ ओलांडून समोरच्या संघात जाऊन उभी राहिले. नुसती उभी नाही राहिले, त्यांच्या एका पोरीचा हातसुद्धा धरला. सगळं मैदान हसलं. तुम्ही तेवढे हसला नाहीत. आणि मनीषाने तुम्हाला खूण करायला हात वर केला.

तुम्ही मला बाहेर घेतलंत. विचारलंत, "वंदू, आज डब्यात काय आणलं व्हतं?" मला आठवेना. पण मी छाती काढून म्हणाले, "काई नाई झालं सर, मी एकदम चांगली हावो." आमच्या गल्लीतल्या एका ताईला एकदा विहिरीवर चक्कर आली होती. तेवढ्यावरून 'मिरगीवाली' म्हणून तिची ठरलेली सोयरीक मोडली. आई ते नाव काढायची तेव्हा आवाज खाली घ्यायची. मला लग्नाची घाई नव्हती, पण आईला कळलं की खेळ बंद, एवढं पक्कं ठाऊक होतं. म्हणून मी खोटं बोलले. आजही पोरी याच कारणाने खोटं बोलतात. त्यांना डोक्याची नाही, गावाच्या तोंडाची भीती असते.

तुम्ही हे न सांगता ओळखलंत. पिशवीतून क्रेपची पट्टी काढलीत आणि माझ्या धडधाकट डाव्या पायाला घोट्यापासून गुडघ्यापर्यंत अशी आवळून बांधलीत की मी खरंच लंगडायला लागले. मग मला मागे बसवून घरी आणलंत आणि बाबांना सांगितलंत, "पोट्टीचा पाय मुरगळला. पंधरा दिवस खेळ बंद. धावनं नाई, उन्हात जानं नाई. पुस्तक नाई अन् टीव्हीबी नाई."

बाबा म्हणाले, "पाय मुरगळला तं टीव्ही कायले नाई?"

तुम्ही डोळ्याची पापणी न लववता म्हणालात, "टीव्ही पाहता पाहता हे पोट्टी पाय हालवते."

दुसऱ्या दिवशी पायाचंच निमित्त करून तुम्ही मला गोंदियाला डॉक्टरकडे नेलंत आणि डोकं दाखवून आणलंत. सगळं ठीक झालं असतं. पण बाबांचा स्वभाव स्वस्थ बसायचा नाही. ते मला शेजारच्या गावी, मुरगळलेले पाय ओढून सरळ करणाऱ्या बुवांकडे घेऊन गेले. त्या बुवांनी माझा चांगला पाय असा ओढला की डोकं बरं होऊन महिना झाला तरी पाय दुखत होता. डोक्याचा भाग गाळून ही गोष्ट तुम्ही माझ्या लग्नात माझ्या नवऱ्याला सांगितलीत, पंगतीत, सगळ्यांसमोर, आणि जिलबी हातात धरून हसत बसलात.

माझ्यानंतर किती पोरींच्या चांगल्या पायांना तुम्ही पट्ट्या बांधल्या असतील! संघात नवी पोरगी आली की आधी हाच कायदा सांगायचा: हात धरनारीनं सांगाचं, पट्टी मी बांधीन. ज्या डोक्याला मार लागला त्याच डोक्याला 'तू बरं आहेस का' म्हणून काय विचारायचं, असं तुमचं म्हणणं. जिने हात धरलाय तिला पकड ढिली झालेली कळते, नजर हललेली कळते. म्हणून सांगायचं काम तिचं. आणि घरी, गावात काय सांगायचं ते काम तुमचं.

मी नागपूरला शिकून, याच शाळेत खेळाची शिक्षिका म्हणून आले, आणि आल्या आल्या तुमच्या कायद्याला हात घातला. बसस्टँडजवळच्या टपरीवर आपलं भांडण लागायचं. तुम्ही मुंगाची भजी खात खात भांडायचात आणि मी चहा गार करत.

"सर, आपण किती दिवस खोटं बोलायचं? जोवर पायाला पट्टी बांधतो आहे तोवर गावात 'डोकं' हा शब्दच कोणी काढणार नाही."

"तू शिकून आली वंदू. गाव कोठी शिकून आलं?"

"मग त्याला शिकवायचं कोणी?"

"आधी पोट्टी वाचव. शब्द मंग वाचवजो."

मग मी दुसरीकडून यायचे. हात धरणारीने सांगायचं हा कायदा मला दुष्ट वाटायचा. मनीषा माझ्यासाठी हात वर करून घरी जाऊन रडली होती, कारण मी तिला वर्षभर चुगलीखोर म्हटलं. जिचा जीव सगळ्यात जास्त गुंतलेला, तिच्याच डोक्यावर हे ओझं का? आणि समजा मैत्रिणीने शपथ घातली, तर ती कोणाचं ऐकणार, तुमचं की मैत्रिणीचं? तुम्ही भज्याचा तुकडा मिरचीला लावत म्हणायचात, "मनीषा रडली, तू वाचली. हिशोब बराबर हाय." मग चहा मागवायचात. टपरीवाला आपल्याला नवरा-बायकोपेक्षा जास्त भांडणारे सर-मॅडम म्हणायचा.

वाद मिटला नाही. मिटवायची घाई कोणाला होती? तुम्ही निवृत्त झालात की रोज दुपारी टपरीवर बसून मिटवू, असं मी मनात धरून चालले होते.

आता तुमच्या पडण्याकडे येते. मला ते नंतर, तुकड्यातुकड्याने कळलं. गोंदियाजवळच्या गोरेगावच्या सामन्यांसाठी पायलच्या बापाची परवानगी मिळत नव्हती. पायल म्हणजे आपली चढाईवाली, वाऱ्यासारखी सुटणारी, पण घरून 'अकरावीतली पोट्टी आता बाहेरगावी कायले' म्हणून अडवलेली. तुम्ही तिच्या घरी गेलात, बापाला पटवलंत, आणि खुशीत परत येताना पाळीवर घसरलात. हेल्मेट होतं. हँडलला लटकवलेलं होतं. धान कापून आणणारे दोघं धावले, तुम्हाला उठवलं. तुम्ही दुपट्ट्याने डोकं बांधलंत, त्यांना म्हणालात, "काई नाई, पाय मुरगळला," आणि लंगडून दाखवलंत.

हे मला त्या दोघांपैकी एकाने तेरवीला सांगितलं. तुम्ही स्वतःच्याही पायालाच पट्टी बांधलीत, सर!

दुसऱ्या दिवशी तुम्ही माकडटोपी घालून मैदानावर. मी म्हटलं, "सर, थंडी अजून यायची आहे." तुम्ही म्हणालात, "म्हाताऱ्याच्या घरी आधी येते." मी हसले. मग तुम्ही शिटी वाजवणं सोडलंत आणि टाळ्या वाजवून सराव घ्यायला लागलात. पोरींना वाटलं ही काही नवी रीत आहे. एकदा तुम्ही मला मनीषा म्हणून हाक मारलीत. एकदा चहात दोनदा साखर घातलीत आणि पिऊन टाकलात. मी सगळ्या पोरींसमोर विचारलं, "सर, डोकं दुखतं का?"

"तुले पाहून दुखते," तुम्ही म्हणालात. पोरी खिदळल्या. तुमचा विनोद तुमच्या कामाला आला.

घरी मात्र तुम्हाला टोपी काढावी लागत होती. शकुनकाकू टेंगळावर हळद लावत होत्या आणि रोज दवाखान्याचं म्हणत होत्या. तुम्ही त्यांना म्हणालात, "सामने होऊ दे, मंग जाऊ. नाईतं वंदू मले घरी बसवते." आणि शपथ घातलीत. तुमच्या बायकोला, सर. जी इतकी वर्षं तुमचा हात धरून होती तिला.

मग ती दुपार. तुम्ही मैदानाच्या कडेला खुर्चीवर बसला होतात. मान खाली. पोरींना वाटलं डुलकी लागली, म्हणून त्या आवाज न करता दम घेत होत्या. मी जवळ आले आणि हाक मारली. तुमचे डोळे उघडले, पण मी कोण ते त्यांना कळत नव्हतं.

गोंदियाच्या दवाखान्यात डॉक्टर तुमच्या डोळ्यांत बॅटरी मारत म्हणाले, "सर पे चोट कब लगी थी?"

मी म्हटलं, "नहीं लगी."

"मॅडम, लगी है. कब लगी?"

"मैं रोज साथ में हूँ. नहीं लगी," मी जवळजवळ ओरडले.

माझ्या मागून काकूंचा आवाज आला. "लागली व्हती." एवढंच. मग त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. मी मागे वळून त्यांच्याकडे पाहिलं आणि मला तुमच्याइतका राग आयुष्यात कोणाचा आला नाही. काकूंचा नाही आला. तुमचाच आला.

नागपूरला नेलं, डोकं उघडलं, उशीर झाला होता. ते सगळं तुम्हाला सांगण्यात अर्थ नाही, तुम्ही तिथेच होतात.

तुम्हाला घेऊन परत येत होतो तेव्हा काकूंनी माझं मनगट धरलं. "वंदू, अटॅक म्हनजो." त्यांनी ते सोडलं नाही. "जिंदगीभर पोट्टींले सांगत राहिले. आता लोक हासतील. अन् मले म्हनतील, बाईले मालूम व्हतं, बाई चूप बसली." मी म्हटलं, "अटॅकच होता काकू." सर, त्या दिवशी पट्टी मी बांधली. आपल्या सगळ्या वादांमध्ये तुमची बाजू मला एवढी खरी कधीच वाटली नव्हती. समोरचं माणूस इतकं घाबरलेलं असलं की पट्टी आपोआप हातात येते.

तेरवी झाली आणि पोरी मैदानावर परत आल्या. तुमचा फोटो कोणाच्या तरी मोबाईलमधून काढून मोठा करून आणला होता, त्याला हार घातला. सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं: गोरेगाव जिंकायचं, सरसाठी. मी नको म्हणाले नाही. कोण म्हणेल? पण त्या ज्या तऱ्हेने खेळत होत्या ते मला बघवत नव्हतं. खरचटलं तर पाहत नव्हत्या, श्वास लागला तर थांबत नव्हत्या. खाली घातलेली धानाच्या पेंढ्याची तणस कडेला सरकली होती आणि त्या कोरड्या टणक मातीवर झेपा घेत होत्या.

एका सकाळी मी शिटी वाजवली आणि पायलने दोन्ही हात कानांवर नेले. लगेच खाली घेतले, वेणी नीट केल्यासारखं केलं. पण मी पाहिलं. शिटी सोडून टाळ्या वाजवणारा माणूस मला आठवला.

"पायल, लागलं का कुठे?"

"नाई मॅडम."

"डोकं?"

"नाई ना मॅडम. काऊन पुसून राहिल्या?"

तिचा हात धरून उभी राहणारी खुशी. ही पोरगी एरवी दिवसभर बोलते, वर्गातून बाहेर काढली तर दाराशी बोलते. मी तिच्याकडे पाहिलं तर ती पायाच्या अंगठ्याने माती उकरत होती. "खुशी?" "मले काई मालूम नाई." नुसत्या हाकेवर 'मले मालूम नाई' म्हणणाऱ्या पोरीला सगळं मालूम असतं. पण शपथ होती. सर, टपरीवर मी जे म्हणायचे ते अगदी तसंच माझ्यासमोर उभं होतं. वाद जिंकण्याची इतकी भीती मला कधी वाटली नव्हती.

मी त्या दिवशी सराव बंद केला आणि तुमच्या घरी गेले. काकू अंगणात सुपात तांदूळ निवडत होत्या. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, "काकू, मला पोरींना खरं सांगायचं आहे. सर कशाने गेले ते. नुसतं 'लपवू नका' म्हणून त्या ऐकणार नाहीत. सरांचंच ऐकतील."

काकूंनी मान वर केली नाही. "मेलेल्या मानसाले कायले उघडं पाडतं?"

"जिवंत पोरीसाठी."

"तुले सोपं हाय. तुले कोनी नाई म्हननार, तू चूप काऊन बसली म्हनून."

मला चीड आली. त्यांची, तुमची, त्या सुपाची. मी फाटक जोरात लावून निघाले आणि रस्ताभर तुम्हाला बोल लावत गेले. असं काय अडलं होतं, सर? एक दिवस दवाखान्यात गेला असतात तर काय आभाळ कोसळणार होतं?

दुसऱ्या दिवशी मी ठरवून गेले होते की पायलला काही झालं तरी खेळू द्यायचं नाही, खरं-खोटं नंतर. पोरी गोल करून बसल्या होत्या, पायलला बसवणार हे कळून तोंडं फुगली होती. तेवढ्यात काकू आल्या. चालत, डोक्यावर पदर, हातात काही नाही. त्या याआधी मैदानावर कधी आल्या नव्हत्या. तुमच्यासाठी डबा पाठवायच्या तोही शाळेच्या फाटकापर्यंत.

त्या उभ्यानेच बोलल्या. "पोट्टीहो, सरले अटॅक नाई आला. गाडीवरून पडले. डोक्याले लागलं. मले मालूम व्हतं. रोज हळद लावत व्हतो. मले म्हने, सांगू नोको, सामने होऊ दे. मी सांगतलं नाई." एवढं बोलून त्यांना धाप लागली. मी त्यांचा हात धरायला गेले तर त्यांनी बाजूला सारला. "मी त्यायची शपथ मोडली असती तं काय झालं असतं? माह्याशी भांडले असते. भांडू दिलं असतं तं बरं झालं असतं."

मग खुशी एकदम हमसून रडायला लागली. "मॅडम, पायलले सोमवारी लागलं. कोमलच्या डोक्याले डोकं लागलं. रात्री उलटी झाली तिले. मले शपथ घातली तिनं." पायल तिच्याकडे रागाने पाहत होती, अगदी मी मनीषाकडे पाहिलं तशी. मग तिचाही चेहरा फुटला. "मी सरसाठी खेळून राहिली व्हती मॅडम. सर आमच्याच घरून जाता जाता पडले ना?"

बघा सर. तिने हिशोब जुळवला होता. पाळीवर कोणीतरी पाहिलेलं तिच्या कानावर आलं असणार. तुम्ही तिच्या परवानगीपायी पडलात, म्हणून तिने तुमच्यापायी खेळायचं होतं. मी तिला जवळ घेतलं. तिला एकच सांगितलं, की सर रस्त्यावरच्या गिट्टीने पडले, तिच्यामुळे नाही. तिने मान हलवली. पटलं की नाही माहीत नाही.

मग तिच्या घरी जायचं होतं. माझ्या पिशवीत क्रेपची पट्टी होती, तुमचीच, तुमच्या कपाटातून आणलेली. दारात पायलची आई आली आणि पायलचं रडून सुजलेलं तोंड पाहून घाबरली, तेव्हा माझा हात पिशवीत गेला. खोटं नाही सांगत, अर्धी पट्टी बाहेर आली होती. पण काकू सोबत होत्या. मी पट्टी आत ढकलली आणि म्हटलं, "वहिनी, पायलच्या डोक्याला मार लागलाय. आताच गोंदियाला न्यायचं आहे."

पायलच्या आईने पटकन मागे, पुढे, शेजारच्या अंगणात पाहिलं. "हळू बोला मॅडम. कोनी आयकन."

"हळू बोलता बोलताच माहा मानूस गेला, बाई," काकू म्हणाल्या. चांगल्या मोठ्याने म्हणाल्या. शेजारच्या अंगणात कपडे वाळत घालणारी बाई थांबली. पायलच्या आईने डोळे पुसले आणि आत जाऊन चप्पल घालून आली.

पायल बरी आहे. तपासून झालं, डोक्याचे फोटो काढून झाले, रक्त नाही साकळलेलं. डॉक्टरने विश्रांती सांगितली आहे, टीव्ही नाही, मोबाईल नाही. तिच्या बापाने 'टीव्ही कायले नाई' विचारलं नाही. त्याला कारण माहीत आहे.

म्हणून मी टपरीवरचा वाद जिंकले का? नाही. गोरेगावच्या बाजारात एका बाईने मला गाठून विचारलंच, "तुमच्या त्या पोट्टीच्या डोक्यात काई हाय म्हने?" मी तिला भाजीच्या ढिगाऱ्यासमोर उभं करून असं काही सुनावलं की भाजीवाली हसायला लागली. पण ती बाई घरी जाऊन काय बोलली असेल ते मला ठाऊक आहे, आणि तुम्हालाही. तुम्ही खोटं का बोलत होतात ते मला आता पूर्ण कळलं. तरी यापुढे मी पायाला पट्टी बांधणार नाही. पायच मुरगळला असेल तर गोष्ट वेगळी.

गोरेगावला आपण हरलो, सर. पहिल्याच सामन्यात, दणकून. पायल कडेला खुर्चीवर बसून होती. आधी तिने तोंड फिरवलं होतं. बसवलं म्हणजे संपलं, आता आपण कोणाच्या कामाच्या नाही, असं त्या वयात वाटतंच. तुम्हाला तुमच्या वयात वाटलं, तर तिचं काय चुकलं? पण मध्यंतरात पोरी धापा टाकत बाहेर आल्या आणि सगळ्या तिच्याच खुर्चीभोवती जाऊन बसल्या. पाणी प्यायल्या, तिच्या गुडघ्यावर डोकं टेकलं, खुशीने तिची वेणी घातली. पायल एक शब्द बोलली नाही, कारण मी तिला ओरडायची बंदी केली होती. ती नुसती होती. आणि पोरी उठून परत खेळायला गेल्या तेव्हा हरत असूनही त्यांच्या अंगात बळ आलेलं मला दिसलं.

तेव्हा मी मैदानाकडे पाठ करून तुमच्यासाठी खूप रडले. तुम्हाला वाटलं वंदू मला घरी बसवेल. नसतं बसवलं हो. शिटी वाजवली नसतीत, टाळ्या वाजवल्या नसत्यात, एका पोरीला एक डाव शिकवला नसतात, टोपी घालून त्या खुर्चीवर नुसते बसून राहिला असतात, सर, तरी आम्हाला पुरलं असतं.